बुडालेल्यांची किक

ऑर्डवे आणि ब्रॅकेट या दोन कॉलेजांच्या फुटबॉल सामन्यात पहिली किक कुणासाठीच नसते. निदान जिवंत माणसांपैकी कुणासाठी नसते.

बाकीची कॉलेजं दुपारी खेळतात, आम्ही सकाळी दहाला. कारण १९२२ साली ऑर्डवेचा संघ घेऊन निघालेली नाव दहाला ब्रॅकेटच्या काठाला लागायची होती. टॅमरॅक नदी फुगलेली होती, धुकं होतं, मधोमध एक वाहता ओंडका येऊन नावेला आदळला आणि नाव सगळ्यांसकट बुडाली. ब्रॅकेटची पोरं किक मारायच्या तयारीत नदीकडे तोंड करून उभी होती. दुपारपर्यंत उभीच होती म्हणतात.

तेव्हापासून सामना दरवर्षी ब्रॅकेटच्याच नदीकाठच्या मैदानावर होतो. एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे, असं इतर कॉलेजं करतात तसं आम्ही करत नाही. आमच्या कॉलेजचं म्हणणं असं की निघालेले अजून पोचलेले नाहीत. ते पोचेपर्यंत सामना तिकडेच.

किकची पद्धत अशी. ब्रॅकेटचा संघ मैदानाच्या नदीकडच्या अंगाला उभा राहतो. टेकडीकडचं अंग, जिथे ऑर्डवेचा संघ असायला हवा, ते मोकळं ठेवतात. आमचे खेळाडू हेल्मेट काढून रेषेबाहेर उभे राहतात. बाकांवरची माणसं उठतात, माना खाली घालतात, डोळे मिटतात. ढोलावर एक टिपरू पडतं आणि किक बसते. लांबट चेंडू मोकळ्या गवतावर पडतो, उलटसुलट उड्या मारतो, थांबतो. तो पुरता थांबला की ढोल पुन्हा वाजतो, मग माना वर होतात आणि खरा सामना सुरू होतो. तोवर त्या चेंडूला कुणी हात लावायचा नाही.

मी ऑर्डवे गावच्या शाळेत चौथीला शिकवत असे. निवृत्त झाल्यावरही सामन्याच्या आदल्या दिवशीचा, शुक्रवारचा शेवटचा तास शाळेनं माझ्याकडेच ठेवला. त्या तासाला मी मुलांना ही गोष्ट सांगते. प्रश्न दरवर्षी तेच येतात आणि मला ते दरवर्षी आवडतात.

"बाई, हात लावला तर काय होईल?"

"तो चेंडू त्यांच्यासाठी मारलेला असतो. तो झेलला, तर झेलणारा त्यांचा झाला."

"ते रागावतील?"

"नाही गं. रागावणार नाहीत. त्यांना वाटेल, आपला एक गडी आला."

मग मी त्यांना १९५१ ची हकिगत सांगते, कारण मुलांना अर्धं सांगितलं की उरलेलं ती स्वतः रचतात, आणि ते रचलेलं खऱ्याहून वाईट असतं.

मी तेव्हा सात वर्षांची होते. वडिलांच्या खांद्यावर बसले होते, त्यामुळे मान खाली घालूनही मला मैदान दिसत होतं. आमच्या संघात दूर पश्चिमेकडून आलेला नॉर्व्हल नावाचा नवा मुलगा होता. त्याला पद्धत सांगितली होती, पण चेंडू हवेत गेला की झेलायला धावायचं हे त्याच्या पायांना जास्त वर्षं ठाऊक होतं. तो धावला, झेल घेतला आणि पळत सुटला.

आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याच्या पुढे नेहमी त्याचे गडी धावतात. समोरच्यांना अंगावर घेतात, ढकलतात, वाट करून देतात. नॉर्व्हलच्या पुढे कुणीच नव्हतं. तरी तो पळत होता तो पुढे कुणीतरी असल्यासारखा. कुणाच्या पाठीला चिकटून डावीकडे वळला, दोघांच्या मधून निघाल्यासारखा अंग चोरून पुढे गेला. ब्रॅकेटच्या पोरांना वाटलं, गंमत करतोय. ती बाजूला झाली. तो गोलपोस्टच्या खालून गेला, थांबला नाही, काठावरच्या बुटक्या भिंतीवरून उडी मारून खाली गेला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "पुरे रे आता, ये वर." तो वर आला नाही. काठाच्या चिखलात त्याचा एक बूट सापडला, बाकी काही नाही.

मी निवृत्त झाल्यानंतरच्या एका वर्षी हे सांगत असताना वर्गाच्या दारात टोबिन केसलर उभा होता.

टोबिन आणि त्याचा थोरला भाऊ एमेट, दोघंही माझ्या हाताखालून गेलेले. माझ्या वर्गात ओरडायची पद्धत नव्हती. गलका झाला की मी बोटातली अंगठी टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवून हात वर करायचे. ज्याला हात दिसला त्यानं आपलाही वर करायचा, आणि सगळे हात वर गेले की वर्ग शांत. बोलायचं असेल तरी आधी हात वर. हात वर केलेल्याला कुणी अडवायचं नाही, चिमटा काढायचा नाही. एमेटनं वर्षभरात एकदाही हात वर केला नाही. उत्तर सुचलं की तो उभा राहून सांगून मोकळा व्हायचा, आणि चुकलेलं उत्तरसुद्धा असं सांगायचा की मलाच पुस्तक बघावंसं वाटे. टोबिन मात्र पेन्सिलला टोक करायचं तरी हात वर करायचा.

दोघं पुढे ऑर्डवेच्या फुटबॉल संघातही तसेच राहिले. किक झेलणं हेच दोघांचं काम. झेलणाऱ्याला समोरून अंगावर येणारे दिसले आणि पळण्यात अर्थ नाही असं वाटलं, तर त्यानं चेंडू हातात यायच्या आधी एक हात वर करून हलवायचा. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. झेल घेतला की खेळ तिथेच थांबतो. मिळाली तेवढी जागा पदरात पाडून घ्यायची, पळता मात्र येत नाही. टोबिन हात वर करायचा आणि ब्रॅकेटच्या बाकांवरून आवाज यायचा, "केसलर, बाथरूमला जायचंय का?" एमेटनं मैदानावरही कधी हात वर केला नाही. चार जण अंगावर आले तरी हा पळायचाच. दोनदा खांदा निखळला होता.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एमेट एकटाच छोटी होडी घेऊन मासे धरायला गेला. होडी सापडली. गळ सापडला. एमेट सापडला नाही.

तास संपला, मुलं पांगली. टोबिन आत आला आणि पहिल्या रांगेतल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसला.

"खुर्ची लहान झाली तुला," मी म्हणाले.

"खुर्ची तेवढीच आहे, बाई."

"भोपळ्याचा केक उरलाय. घे. उद्या तुमचे कोच तुला खाऊ द्यायचे नाहीत."

त्यानं तुकडा घेतला आणि हातातच धरून ठेवला. "बाई, नॉर्व्हलचं तोंड तुम्हाला दिसलं होतं?"

हे मुलांना मी कधी सांगत नाही. पण टोबिन आता चौथीत नव्हता. "दिसलं होतं. तो हसत होता."

"कसा?"

"ओळखीचं कुणी वाटेत भेटल्यावर हसतात तसा."

टोबिननं मान हलवली, जणू त्याला हेच हवं होतं. मग फळ्याकडे बघत म्हणाला, "सरावात चेंडू वर गेला की मला मागून आवाज येतो. 'माझा.' एमेटचा."

झेलायला दोघं असले की एकानं ओरडायचं असतं, म्हणजे टक्कर होत नाही. एकानं 'माझा' म्हटलं की दुसऱ्यानं 'तुझा' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मी म्हणाले, "तू आयुष्यभर बाजूलाच झालास की."

"आताही होतो. सवयीनं. मागे बघतो तर कुणी नसतं आणि चेंडू खाली पडलेला असतो. कोच म्हणतात, हातांना लोणी लावून येतोस का."

"त्यांना सांगितलंस?"

"काय सांगू? नदीत गेलेला भाऊ झेल मागतोय?" तो जरा हसला. मग हसू गेलं. "उद्या मी तिथे उभा राहणार आहे, बाई. मोकळ्या बाजूला. फक्त बघायचंय. तो त्यांच्यात आहे का, एवढंच. आई अजून रोज त्याची ताटली मांडते. गार झालं की उचलते. निदान कळलं तरी पाहिजे ना."

"आणि त्यांनी तुला बरोबर घेतलं तर?"

त्यानं केकचा तुकडा या हातातून त्या हातात घेतला.

"टोबिन. एमेट म्हणाला, चल, तर?"

"एमेटला मी कधी नाही म्हटलंय?" असं म्हणून त्यानं केकचा तुकडा परत ताटलीत ठेवला, खुर्ची नीट आत सरकवली आणि तो गेला. चौथीतही खुर्ची आत सरकवणारा तो एकटाच होता.

मी त्यांच्या कोचला, क्रॉसला, फोन केला. तोही माझाच विद्यार्थी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. "मी त्याला माझ्या शेजारीच उभा करतो, बाई. शर्ट धरून ठेवतो. मग तर झालं?" टोबिनची आई, लोरेन, हिला मात्र मी काही सांगितलं नाही. एका मुलाची ताटली मांडणाऱ्या बाईला दुसऱ्याबद्दल काय सांगायचं?

शनिवारी कडाक्याची थंडी पडली. नदीवरून धुकं उठून मैदानाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. नदीकडच्या गोलपोस्टचे नुसते वरचे दांडे दिसत होते. टेकडीकडच्या मोकळ्या अंगावर टेकडीची सावली होती आणि तिथलं गवत दंवानं पांढरंशुभ्र झालं होतं. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. कुणी तिकडे जायचंच नसतं.

आम्ही नेहमीच्या जागी बसलो. आमच्या आणि त्यांच्या बाकांच्या मधे एक चिंचोळी वाट आहे, तिच्या अलीकडे मी आणि पलीकडे माझ्या बहिणीचा नवरा हर्शेल. तो जन्माचा ब्रॅकेटवाला. माझ्या शेजारी लोरेन होती, मांडीवर घोंगडी घेऊन.

"काय थेल्माबाई, रुमाल आणलात ना यंदा?" हर्शेल म्हणाला. "डोळे पुसायला लागेल."

"तुझ्यासाठीच आणलाय. गेल्या वर्षी बाहीला पुसत होतास, बरं दिसत नव्हतं."

"गेल्या वर्षी रेफरी तुमच्या गावचा होता."

"आणि यंदाचा?"

"यंदाचा आंधळा आहे. म्हणजे बरोबरी." लोरेन हसली. मार्चनंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आमचा संघ बाहेर आला. हेल्मेटं काढून रेषेबाहेर उभा राहिला. क्रॉसनं टोबिनला आपल्या शेजारी घेतलं होतं. पाठीमागून शर्टाची मूठ धरलेली मला दिसत होती. सगळे उठले. माना खाली गेल्या. हर्शेलनंही टोपी काढली आणि डोळे मिटले. या एका गोष्टीत तो कधी थट्टा करत नाही.

मी डोळे मिटत नाही. मुलांना प्रार्थनेला उभं केलं की एकानं तरी डोळे उघडे ठेवायचे असतात. ती सवय मोडलेली नाही.

ढोल वाजला. क्रॉसची मान खाली गेली आणि मूठ तशीच घट्ट राहिली. टोबिन शर्टातून सुटला. हात वर करून, वाकून, अंगातला शर्ट मागे सोडून तो साप कातेतून निघावा तसा निघाला आणि चालत मैदानात गेला. धावला नाही. खांदे जाड करणारं ते पांढरं कवच तेवढं अंगावर. क्रॉसच्या हातात रिकामा शर्ट होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. बाकांवरच्या इतक्या माणसांत बघणारी मी एकटी.

टोबिन दंवावर गेला. त्याची पावलं काळी उमटत गेली, एकामागे एक. तो गोलरेषेच्या जरासा अलीकडे जाऊन थांबला आणि नदीकडे वळला. तेव्हाच धुक्याच्या आतून लाथेचा तो पोकळ आवाज आला आणि चेंडू वर निघाला.

चेंडू धुक्याच्या वर आला तेव्हा त्याच्यावर ऊन पडलं. त्याच वेळी टेकडीकडच्या दंवावर पावलं उमटू लागली.

मला आता जसं आठवतं तसंच सांगते. माणूस दिसत नव्हता. गवत मात्र दबत होतं. पांढऱ्या दंवात काळे ठसे पडत होते, पुढच्या बाजूला खोल, धावणाऱ्याचे पडतात तसे. एक रांग मधोमध, दोन डावीकडे, आणखी उजवीकडे. ते टोबिनच्या पुढे आले आणि जागच्या जागी उभे राहिले. वाट करून देणारे गडी उभे राहतात तसे, त्याच्याकडे पाठ करून आणि नदीकडे तोंड करून. एक जोडी मात्र त्याच्या अगदी शेजारी, त्याच्या उजव्या हाताला येऊन थांबली. तिथे एमेट उभा राहायचा.

टोबिननं त्या बाजूला मान वळवली आणि हसला.

मला ओरडता आलं असतं. पण लोरेन माझ्या खांद्याला खांदा लावून डोळे मिटून उभी होती. ती ओरडण्यानं दचकली असती, तिनं बघितलं असतं, 'टोबिन' म्हणून हाक मारली असती, आणि आईची हाक ऐकून तो नक्की कुणाकडे गेला असता ते मला सांगता आलं नसतं. मी पुढच्या लाकडी बाकावर अंगठी दोनदा वाजवली. टक. टक. आणि हात वर केला.

एवढ्या शांततेत तो आवाज लांब गेला. हर्शेलनं एक डोळा उघडला. मैदानात टोबिनची मान फिरली. चौथीच्या वर्गात ती जशी फिरायची तशीच, विचार न करता. त्यानं मला पाहिलं. मी हात वर धरून उभी होते.

चेंडू खाली येत होता. टोबिन माझ्याकडे बघत होता, मग शेजारच्या ठशांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या पुढे सगळे ठसे एकदम गहिरे झाले, जणू सगळ्यांनी एकाच वेळी पायांत जोर घेतला. धुक्यात नदीपर्यंतची वाट मोकळी झाली होती. भिंत दिसत होती, तिच्या पलीकडचं पाणी दिसत होतं.

टोबिननं उजवा हात वर केला आणि हलवला.

मग झेल घेतला.

पुढच्या रांगेतलं एक पाऊल निघालं होतं. ते अर्धवट उमटलं, टाच टेकलीच नाही. बाकीचं काही हललं नाही. ते खेळाडू होते. खेळायलाच निघाले होते. हात वर केलेल्यानं झेल घेतला की खेळ तिथेच थांबतो, हा नियम त्यांच्या वेळीही होता.

आणि टेकडीकडच्या कोपऱ्यातून, रेषेबाहेरून, शिट्टी वाजली. रेफरीनंही डोळे मिटलेले होते, असं तो नंतर शपथेवर सांगायचा. चेंडू छातीवर आपटल्याचा आवाज कानावर आला आणि शिट्टी आपोआप तोंडात गेली, म्हणाला. तीस वर्षं तेच करतोय.

शिट्टीनं माना वर आल्या. लोकांना दिसलं ते एवढंच की केसलरांचा धाकटा बिनशर्टाचा, चेंडू पोटाशी धरून एकटा उभा आहे. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या माणसांनी नदीकडे बघितलं. क्रॉस हातातला शर्ट घेऊन मैदानात धावला आणि त्यानं तो टोबिनच्या डोक्यातून लहान मुलाला घालावा तसा घातला. लोरेन खाली बसली आणि तिनं माझा वर राहिलेला हात धरून खाली आणला. मला तो खाली घ्यायचा हे लक्षातच राहिलं नव्हतं.

"दंव जास्तच आहे यंदा," हर्शेल म्हणाला. त्याचा आवाज त्याच्यासारखा नव्हता. त्याचं तोंड मैदानाकडे होतं आणि तो ठसे बघत होता.

ठसे पुढे सरकत होते. शेजारची जोडी आधी निघाली. मग बाकीचे. धावत नव्हते, चालत होते, हळूहळू, नदीकडे. दंव जिथे संपत होतं तिथपर्यंत दिसले. मग टेकडीवरून ऊन उतरलं, आणि थोड्याच वेळात सगळं नुसतं ओलं गवत झालं.

रेफरीनं तो चेंडू बाजूला ठेवला, दुसरा घेतला. पहिला इतका भिजला होता की वाळायला दोन दिवस लागले म्हणतात, आणि त्याचा गाळाचा वास शेवटपर्यंत गेला नाही. सामना आम्ही हरलो. टोबिन चांगला खेळला. दोनदा त्यानं हात वर केला, आणि ब्रॅकेटच्या बाकांवरून त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "तो होता, बाई."

"दिसला?"

"नाही. दिसलं कुणीच नाही. पण शेजारी कोण आहे ते कळतं ना." त्यानं बूट झटकले. "मी वाट बघत होतो, तो म्हणेल 'माझा'. म्हणाला असता तर मी चेंडू सोडला असता. आणि मग..." त्यानं मान झटकली. "मी हात वर केला तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, 'तुझा.' आजवर कधी म्हणाला नव्हता. कध्धी नाही."

मी त्याला आत घेतलं, कालचा केक पुढे ठेवला. त्यानं या वेळी तो खाल्ला.

त्याच नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, टर्की भाजायच्या दिवशी, मी केसलरांकडे जेवायला होते. टेबलावर माझी ताटली धरून तीनच ताटल्या होत्या. चौथी लोरेननं धुऊन, पुसून कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती. तिला टोबिननं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा तो शनिवार आला. दंव नव्हतं, पण धुकं होतं. टोबिन रेषेबाहेर हेल्मेट काढून उभा होता. क्रॉसनं या खेपेला शर्टाऐवजी त्याचा दंड धरला होता, आणि टोबिननं त्याचा. हर्शेलनं मला रुमालाबद्दल टोमणा मारला, मी त्याला उलट टोमणा मारला. सगळे उठले, माना खाली गेल्या.

ढोल वाजला. किक बसली. चेंडू धुक्याच्या वर आला, क्षणभर उन्हात चमकला आणि मोकळ्या अंगाकडे खाली येऊ लागला.

तेव्हा त्या मोकळ्या गवतावरून, जिथे कुणी नव्हतं तिथून, स्वच्छ मोठ्यानं आवाज आला. तरण्या पोराचा, घाईतला, थोडासा हावरा.

"माझा."

आमच्या रेषेवरून टोबिननं मान वर न करता उत्तर दिलं, "तुझा."

चेंडू जमिनीवर पडलेला मी पाहिला नाही, पडल्याचा आवाजही ऐकला नाही. मैदानावरून नदीकडे काहीतरी वेगानं गेलं. गवत एका ओळीत वाकत गेलं आणि पुन्हा सरळ झालं. मग भिंतीपलीकडे पाण्याचा एक छोटासा आवाज झाला. ढोलवाला चेंडू थांबायची वाट बघत टिपरू उगारून उभा होता. किती वेळ वाट बघायची ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

लोरेननं डोळे मिटलेलेच ठेवले होते. ओठ मात्र हलले. मी तिच्याकडे वाकले.

"एमेट हात वर करतच नाही कधी," ती पुटपुटली. "कितीदा सांगितलं त्याला, कर म्हणून."